सात हाली, सहा कलदार

व्हिएतनाममधल्या हनोईत एका सोनाराच्या दुकानात मी उभा होतो आणि गल्ल्यावरची बाई माझी शंभर डॉलरची नोट उजेडाला धरून बघत होती. पुढून बघितली, मागून बघितली, फ्रँकलिनच्या खांद्यावरून नख फिरवून खरखर तपासली, घडीवर चीर पडली आहे का तेही पाहिलं. मग कॅल्क्युलेटरवर आकडे दाबले आणि तो माझ्याकडे फिरवला. २५३००००. तोंडातून शब्द नाही. घ्यायचे तर घ्या, नाही तर मागच्याला जागा द्या.

मी मान हलवली. तिनं नोटांची चळत मोजून पुढं सरकवली, मी परत मोजली, आणि बायकोनं कोपरानं ढोसलं, "अहो, पंचवीस लाख झाले की आपले!" आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलेल्या माणसाच्या हातात एकदम पंचवीस लाख आले की हात जरा कापतोच. पण खरं सांगू का, त्या वेळी मला हनोईपेक्षा बार्शीच जास्त आठवत होती. तीही मी पाहिलेली बार्शी नव्हे. आबांच्या तोंडून ऐकलेली.

आबा म्हणजे माझे आजोबा. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडतीवर दिवाणजी होते. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी गाडी. धावणारी म्हणजे चढाला माणसानं खाली उतरावं, आळस द्यावा आणि परत चढावं, इतपत. अडतीच्या कामानं आबांना महिन्यातून एक-दोनदा बार्शीला जावं लागे. जाताना कमरेच्या थैलीत हाली रुपये, येताना कलदार. कधी उलटं.

हाली म्हणजे हाली सिक्का, निजामाचा रुपया. त्यावर चारमिनार, आणि चारमिनारच्या कमानीत निजाम उस्मान अलींच्या नावाचं पहिलं अक्षर, ऐन. कलदार म्हणजे इंग्रजी रुपया, कळीवर म्हणजे यंत्रावर पाडलेला. 'हाली'चा अर्थ 'सध्याचा, चालू', आणि आज हा शब्द माहीत असलेली माणसं आमच्या गल्लीत दोन-तीनच उरलीत, हा एक विनोदच. सरकारी हिशेब असा होता की सात हाली म्हणजे सहा कलदार. मग शंभर कलदारांचे हाली किती? आबा डोळे मिटून सांगत, "एकशे सोळा, दहा आणे, आठ पै." (रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै.) लहानपणी मला ती आरतीतली ओळ वाटायची. पुढं शाळेत अपूर्णांक आले तेव्हा कागदावर करून पाहिलं. पैसुद्धा चुकत नव्हती.

याच हिशेबावर आबांनी मला एकदा टपली मारली होती. म्हणाले, "कलदाराचे हाली करायचे तर सहावा हिस्सा चढवायचा. साठाचे सत्तर. आता हालीचे कलदार करायचे तर?"

"सहावा हिस्सा उतरवायचा," मी बेधडक सांगितलं.

"उतरव की मग."

सत्तरातून सहावा हिस्सा गेला, तर अठ्ठावन्न रुपये आणि वर पाच आणे चार पै. साठ काही येईनात.

"एक रुपया दहा आणे आठ पै खाल्लीस की रे मालकाची! सातवा उतरवायचा असतोय, सातवा. जाताना सहावा, येताना सातवा."

मास्तर झाल्यावर शेकडेवारी शिकवताना मी हे उदाहरण दरवर्षी घेतलं. त्याला जोडून ६ जून १९६६ चं अवमूल्यन. त्या दिवशी डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. एका पुस्तकात रुपयाची किंमत साडेछत्तीस टक्क्यांनी उतरली असं लिहिलेलं, दुसऱ्यात डॉलर साडेसत्तावन्न टक्क्यांनी महागला असं. पोरं दरवर्षी भांडायची, एक पुस्तक चुकलंच आहे म्हणून. कुणीच चुकलेलं नसायचं. एक जण सत्तराकडून बघत होता, दुसरा साठाकडून.

पण सात-सहा हा झाला सरकारी भाव. बार्शीत सराफाच्या ओट्यावर सत्तर हाली ठेवले आणि साठ कलदार मिळाले, असं आबांच्या आयुष्यात एकदाही झालं नाही. नाणं घासलेलं आहे, बट्टा, म्हणजे बदलताना कापून घेतलेली तूट. कडेला खाच आहे, बट्टा. बाजारचा दिवस आहे आणि कलदाराला ओढ आहे, बट्टा. आणि गाडीची वेळ झाली म्हणून घामाघूम होऊन धावत आलात, तर सगळ्यात मोठा बट्टा. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो तेव्हा तो याच ओट्यावरून आलेला असतो, हे मला फार उशिरा उमगलं. आबा म्हणून आदल्या दिवशी जात. बहिणीकडं मुक्काम करत, सकाळी चहा पिऊन, पान खाऊन, रमतगमत तीन ओटे फिरत, आणि दुसऱ्या ओट्यावरचा भाव पहिल्यावर सहज बोलता बोलता सांगत. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. १९५० पासून इकडंही भारताचा रुपया आला, काही वर्षं दोन्ही नाणी एकाच बाजारात शेजारी शेजारी चालली, आणि १९५९ साली हाली कायमचा बाद झाला. आबा यावर खूश होते. पण एक डाव खेळायचा राहून गेला, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर असायचं बघा.

तर व्हिएतनाम. लेक पुण्यात नोकरीला असते, तिनंच २०२४ च्या दिवाळीनंतरचं सगळं ठरवलं. मी आपला रोज सकाळी फोनवर डॉलरचा भाव बघायचो. चौऱ्याऐंशी रुपये चाळीस पैसे. बायकोला सांगायचो. जणू घरात डॉलरचं पोतंच भरून ठेवलं होतं.

पुण्यात परवाना असलेल्या दुकानात गेलो. भिंतीवर पाटी, पाटीवर दोन रकाने, खरेदी आणि विक्री. मला डॉलर खरेदी करायचे होते म्हणून मी खरेदीच्या रकान्यात बघितलं, मनातल्या मनात गुणाकार केला आणि खूश झालो. लेकीनं हळूच शर्ट ओढला. "पप्पा, ती त्यांची खरेदी आहे." म्हणजे ते ज्या भावानं घेतात तो. मी घ्यायचे त्या भावानं, ज्यानं ते विकतात. मोंढ्यात वाढलेल्या माणसाला हे दुसऱ्यानं सांगावं लागलं याची मला अजून लाज वाटते. विक्रीचा भाव होता ८५ रुपये ९० पैसे.

"फोनवर तर चौऱ्याऐंशी चाळीस दाखवतंय," मी म्हणालो. काउंटरवरचा पोरगा हसला. दिवसातून दहा जण त्याला हेच म्हणत असणार.

फोनवरचा तो आकडा कुणाचा असतो? मोठमोठ्या बँका एकमेकींत डॉलरची उलाढाल करतात. त्यांच्या घेण्याच्या आणि देण्याच्या भावाच्या बरोबर मधला तो आकडा. त्या भावानं तुम्हाआम्हाला कुणी डॉलर विकत नाही आणि आपल्याकडून घेतही नाही. हे कळलं तेव्हा मला एकदम उन्हाळ्याच्या सुट्ट्या आठवल्या. आबांच्या मागोमाग वडीलही त्याच अडतीवर होते, आणि सुट्टीत मला पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, लिहायला बसवत. सौद्यात भाव पुकारला जायचा तो साऱ्या मोंढ्याला ऐकू यायचा. मग वजन व्हायचं. मग मी पट्टी लिहायचो: एवढी हमाली, एवढी तोलाई, ओलावा आहे म्हणून एवढं, माती आहे म्हणून एवढा कडता. शेतकरी पट्टी हातात घेऊन बराच वेळ बघत राहायचा. त्यानं ऐकलेला भाव आणि पट्टीच्या तळाचा आकडा, दोन्ही खरेच. गावाकडं मात्र तो भावच सांगायचा, आणि पट्टी घडी करून खिशात ठेवायचा.

फोनवरचा दर म्हणजे सौद्यात पुकारलेला भाव. मी त्या दुकानात माझीच पट्टी लिहायला बसलो. हजार डॉलरचे पंच्याऐंशी हजार नऊशे. त्यावर जीएसटी, तो सगळ्या रकमेवर नसतो, लाखाच्या आतल्या व्यवहाराला रकमेचा एक टक्का धरून त्या एक टक्क्यावर अठरा टक्के, कमीत कमी पंचेचाळीस रुपये. माझे आले एकशे पंचावन्न. म्हणजे फोनच्या भावापेक्षा सोळाशे पंचावन्न रुपये जास्त गेले. शंभराला दोनाच्या आसपास. बार्शीच्या मानानं फार नाही हा बट्टा. आठवड्यानं मुंबईच्या विमानतळावर, सगळे सोपस्कार उरकल्यावर, आतल्या एका काउंटरवर सहज पाटी वाचली, तर तिथं विक्री एकोणनव्वदच्या वर. गाडी सुटायच्या आधी धावत आलेल्यांचा ओटा.

एवढे डॉलर घ्यायचेच कशाला, रुपयेच नेले तर काय बिघडलं, असा बायकोचा प्रश्न होता आणि तो अगदी सरळ होता. लेकीचं म्हणणं, तिकडं रुपया कुणी घेत नाही, घेतला तर फार पाडून घेतात. हनोईत सोनाराच्या त्या बाईला मी पाचशेची नोट दाखवून बघितली. तिनं माशी हाकलावी तसा हात केला. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणजे रुपयाचे डॉलर करा, डॉलरचे डाँग, म्हणजे तिथलं चलन, करा. दोन ओटे, दोन बट्टे. शंभराच्या कोऱ्या नोटेला जो भाव, तो दहा डॉलरच्या नोटेला नाही, हेही तिथंच कळलं. मी दहाची नोट पुढं केली तर कॅल्क्युलेटरवरचा आकडा उतरला. सुट्ट्या नोटा तिला पुढं खपवायला त्रास. नख लावून बघणारी ती बाई आणि नाणं दगडावर वाजवून बघणारा आबांचा सराफ, दोघांचा धंदा एक.

रात्री हॉटेलवर बसून हिशेब केला. फोनच्या भावानं एका रुपयाला तीनशे एक डाँग यायला हवे होते. माझ्या हातात पडले दोनशे चौऱ्याण्णव. मधले सात डाँग पुणे आणि हनोईत वाटले गेले. आबा असते तर म्हणाले असते, बरा फिरलास.

सराफ हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थ दागिने विकणारा असा नाहीच. सराफ म्हणजे नाणी पारखून बदलून देणारा. दागिने मागाहून आले. आमच्या शेजारचा पोरगा रियाधला असतो, त्याच्याकडून कळलेली गंमत म्हणजे तिकडं एटीएमला 'सर्राफ आली' म्हणतात. 'आली' म्हणजे यांत्रिक, आपोआप चालणारा. मराठी कानाला मात्र कुणी सराफीण दारात आली असं वाटतं. हनोईत सोनाराकडं पैसे बदलायला उभं राहणं मला म्हणूनच परकं वाटलं नाही. (एक सांगून ठेवतो, तिथली सगळीच सोन्याची दुकानं या कामाला परवाना घेतलेली नसतात. पाटी बघून जा.)

आता डाँगविषयी. या चलनात शून्यं इतकी आहेत की पहिल्या दिवशी आम्ही पाण्याच्या बाटलीलाही घाबरलो. तिथली माणसं शेवटची तीन शून्यं बोलतच नाहीत. पन्नास म्हणाली की पन्नास हजार समजायचं. मी बायकोला सूत्र दिलं: हजार सोडून द्या, उरलेल्या आकड्यावर एक शून्य लावा आणि तिनानं भागा. पन्नासचे पाचशे, भागिले तीन, एकशे सहासष्ट रुपये. ती दुसऱ्या दिवसापासून माझ्यापेक्षा लवकर सांगायला लागली. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणाऱ्या बाईला त्रैराशिक शिकवायला गेलो, हा माझाच मूर्खपणा.

पण नोटांनी तिलाही फसवलं. सगळ्या नोटांवर हो ची मिन्ह. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर. वीस हजार म्हणजे तेव्हाचे आपले सहासष्ट रुपये, पाच लाख म्हणजे साडेसोळाशेच्या वर. तळ्याकाठी शहाळं घेतलं, बायकोनं घाईत नोट दिली आणि निघाली. शहाळंवाली मागून हाका मारतेय, आम्हाला वाटलं अजून काही विकतेय. शेवटी ती धावत आली, नोट उलटी करून शून्यांवर बोट ठेवलं आणि हसत सुटली. पाच लाख दिले होते. दोघीही एकमेकींचे हात धरून हसत उभ्या राहिल्या, भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती.

खरी टपली बसली ती शेवटच्या दिवशी, आणि नोटांच्या व्यवहारात बसली नाही. हॉटेलचं बिल अठरा लाख डाँग. कार्ड घातलं. यंत्राच्या पडद्यावर दोन आकडे आले, एक डाँगमध्ये, एक रुपयांत, आणि विचारलं की कशात द्यायचे? रुपयांत ६,४२०. इतक्या दिवसांनी आपलं चलन दिसलं, आपला आकडा दिसला. शून्यांच्या गर्दीत गाववाला भेटावा तसं झालं. मी रुपयांवर बोट ठेवलं.

लेक फोनवर एवढंच म्हणाली, "पप्पा, नाही ना!"

फोनच्या भावानं अठरा लाख डाँगचे पाच हजार नऊशे ब्याऐंशीच्या आसपास होत होते. डाँगवर बोट ठेवलं असतं तर हिशेब कार्ड कंपनीच्या दरानं झाला असता आणि माझ्या बँकेनं आपलं शुल्क लावलं असतं. साधारण दोन ते साडेतीन टक्के असतं ते, वर त्या शुल्कावर जीएसटी. साडेतीन धरले तरी सव्वासहा हजारांच्या आत काम झालं असतं. रुपये निवडले की डाँगचे रुपये करण्याचं काम हॉटेलच्या यंत्रामागच्या कंपनीकडं जातं. दर ती लावेल तो, आणि त्यातला वाटा दुकानदाराला. वर काही बँका अशा रुपयांतल्या व्यवहारावरही परदेशी व्यवहार म्हणून शुल्क घेतात. मला राग पैशांचा आला नाही, दोनशे रुपयांनी मी गरीब होत नाही. राग आला तो याचा की तिथं भांडायला माणूसच नव्हता. बार्शीत सराफ समोर बसलेला असायचा, त्याला म्हणता यायचं की शेजारच्या ओट्यावर भाव चढा आहे. इथं हिरव्या रंगाचं बटण होतं, आणि ते माझ्या ओळखीच्या भाषेत बोलत होतं.

परत आल्यावर लेक मला समजुतीनं म्हणाली की ही सगळी नव्या जगाची गुंतागुंत आहे. मी तिला तेरला घेऊन गेलो. गोरोबाकाकांचं तेर, आमच्यापासून फार लांब नाही. पूर्वी त्याला तगर म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या खलाशी व्यापाऱ्यानं समुद्रव्यापाराची एक वही लिहून ठेवली, 'पेरिप्लस' म्हणतात तिला. त्यात लिहिलंय की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून रंगीत दगड येतात, तगरहून कापड, गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून. आणि त्याच वहीत, भडोचला काय न्यावं याच्या यादीत, दारू, तांबं, कथील यांच्या पंगतीला एक बाब आहे: सोन्याची आणि चांदीची नाणी. कारण काय दिलंय, तर ती तिथल्या नाण्यांत बदलली की नफा होतो.

वस्तुसंग्रहालयाच्या ओसरीत मी हे लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तेव्हापासून आपण पट्टीच लिहितोय." माझीच लेक आहे.

आमच्या गल्लीत आता रुपयाचा भाव पडला की दोन घरांत दोन तऱ्हा. एका घरचा मुलगा अमेरिकेत शिकतोय. फी डॉलरमध्ये, कर्ज रुपयांत. रुपया पन्नास पैशांनी उतरला की त्या घरची माउली माझ्याकडं येऊन विचारते, "सर, कधी थांबंल हे?" समोरच्या घरचा मुलगा दुबईत गवंड्यांवर देखरेख करतो. तिथला दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. म्हणजे डॉलरपुढं रुपया वाकला की दिरहमपुढंही तेवढाच वाकतो. मुलगा पैसे पाठवायचे थांबून राहतो, रुपया अजून थोडा उतरू दे म्हणून. तेच घर गेल्या वर्षी दुमजली झालं. दुबईत एके काळी आपलाच रुपया चालायचा, हे त्याच्या वडिलांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. खरं आहे ते. आखातातून सोन्याची चोरटी आयात आणि तिकडं रुपयांची गळती व्हायला लागली, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं तिकडं चालवायला वेगळ्या नोटा काढल्या होत्या. १९६६ चं अवमूल्यन झालं आणि तिकडच्या राहिलेल्या राज्यांतल्या बहुतेकांनी त्या नोटा सोडल्या. एकाच वर्षी इकडं हाली बाद झाला आणि तिकडं आखाती रुपया जन्मला. आबांना हे ठाऊक असतं तर त्यांनी नक्की विचारलं असतं, "बट्टा किती?"

मोंढ्यातही पडत्या रुपयाची खुशी आणि काळजी शेजारी शेजारी बसलेली असते. बाहेरून येणारं पामतेल महागलं तर सोयाबीनला बरे दिवस यावेत असा हिशेब. मग आयात शुल्क कमी होतं आणि हिशेब मोडतो. डाळ मिलवाल्यांची तूर मोझांबिकहून, म्यानमारहून येते, ते रुपया उतरला की कपाळाला हात लावतात. लातूरचा माणूस डॉलरपासून लांब आहे असं पुण्यातल्यांना वाटतं. वाटू दे.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. आम्ही परत आल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं ते कॉफीविषयी, कारण बायकोनं फोनवर तिला सांगितलं होतं की इथं कॉफीचा पेला तीस हजारांना आहे.

"तीस हजार म्हंजी आपले किती रं?"

"शंभर रुपये."

"शंभराची जवारी किती येती?"

"अडीच किलोच्या आसपास."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एका पेल्यात दोघांच्या चार दिवसांच्या भाकरी प्याला की तुम्ही." विनिमय दर शिकवणाऱ्या पुस्तकांत क्रयशक्ती म्हणून एक प्रकरण असतं. माझ्या घरी ते प्रकरण पलंगावर बसून माळ ओढतं. हनोईतल्या माणसाला ती कॉफी किती जड किंवा हलकी जाते, ते तिथल्या रोजावरून ठरणार, आपल्या गुणाकारावरून कसं कळणार, असं मी तिला समजावू लागलो. ती म्हणाली, "तेच म्हनलालो की मी."

तिच्या उशाशी एक पत्र्याचा डबा आहे. त्यात सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, लग्नात तिच्या हातावर ठेवलेला हाली रुपया आहे. चारमिनार बोटांनी घासून गुळगुळीत झालाय, ऐन मात्र अजून दिसतो. मी खिशातून उरलेली वीस हजारांची निळी नोट काढून तिला दिली. तिनं चष्मा लावून होची दाढी बघितली, शून्यं मोजली, बोटांत धरून चुरगाळून बघितली. प्लॅस्टिकची नोट, चुरगळली नाही.

"ह्याचं काय येतंय?"

"सहासष्ट रुपये."

तिनं डबा उघडला, नोटेची बारीक घडी घालून हाली रुपयाखाली ठेवली आणि झाकण लावलं.

"आन् लातुरात देतंय कोन?"